विशेषण तोंडावर लावायचं

आमच्या इंग्रजीच्या मास्तरांनी कुणावर हात उगारल्याचं मी कधी पाहिलं नाही. छडी त्यांच्या टेबलावर नसायचीच. तरीसुद्धा शाळेत सगळ्यात जास्त भीती त्यांची, आणि ती इतकी, की त्यांचा तास असला की सकाळची भाकरी माझ्या घशाखाली उतरायची नाही. बाकीचे मास्तर "ए भवाने" म्हणून हाक मारायचे, धपाटा घालायचे आणि विसरून जायचे. हे मात्र नववीतल्या पोरीला "अहो" म्हणायचे. "अहो, उभ्या राहा." शेणामातीत वाढलेल्या आम्हां पोरांना जन्मात कुणी अहो म्हटलेलं नव्हतं. आमच्याकडे अहो म्हणजे एक तर नवरा, नाहीतर फौजदार.

मुळा नदीच्या काठी, धरणाच्या खालच्या अंगाला आमचं गाव. पौडला कचेरी, कोर्ट, दवाखाना. आमच्याकडे देऊळ, पिठाची गिरणी आणि नवीनच निघालेलं हायस्कूल. हायस्कूल म्हणजे नदीला लागून बांधलेली एक लांबलचक कौलारू पडवी. ती जागा शाळेला फुकट मिळाली होती. फुकट का मिळाली, ते दर पावसाळ्यात कळायचं, कारण श्रावण लागेपर्यंत नदी शाळेच्या पायऱ्या मोजून जायची. धरण वरच्या बाजूला, डोंगराआड होतं. ते गावातून दिसायचं नाही, पण मनातून हलायचंही नाही. घरात कुणी हट्ट केला की आई म्हणायची, "फुटंल येक दिस आन् जाशील वाहून, मंग कर हट्ट." मी मुळातच भित्री. पालीला भ्यायचे, गोसाव्याला भ्यायचे, उलटी पडलेली चप्पल दिसली तरी भ्यायचे. त्यात हे धरण उशाशी.

त्या काळी इंग्रजी आठवीत सुरू व्हायचं. मिसरूड फुटलेले मुलगे 'कॅट' आणि 'मॅट' घोकत बसायचे. असा तो सगळा कारभार, आणि त्यात हे मास्तर आले. कुठून आले ते कुणाला धड माहीत नव्हतं. कुणी नगर म्हणे, कुणी सातारा. उंच, वाळलेले, भर पावसातसुद्धा गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट, आणि कोटाला कापराचा वास. आमच्या नववीच्या वर्गात आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी फळ्यावर एक शब्द लिहिला, तो या टोकाला सुरू झाला तो त्या टोकाला संपला. पुसिलॅनिमस. आम्हाला 'ही इज' आणि 'शी इज' यापलीकडे काही येत नव्हतं. पण मास्तरांचं म्हणणं, की 'इज' येतं ना, मग पुरे. इजच्या पुढं विशेषणच लागतं.

विशेषणांवर त्यांचा विलक्षण जीव. ते म्हणायचे, की नाव आईबाप ठेवतात, क्रियापद हातपाय आपोआप करतात, माणसाच्या पदरचं म्हणून भाषेत काही असेल तर ते विशेषण. "विशेषण म्हणजे आरोप आहे. आरोप तोंडावर करायचा. माणसाच्या पाठीमागं लावलेलं विशेषण म्हणजे चहाडी." हे नुसतं बोलून थांबले असते तर ठीक होतं. पण त्यांच्या तासाचा तो कायदाच होता. विशेषण वाक्यात वापरायचं तर वाक्यातला माणूस खराखुरा हवा, आणि तो त्याच खोलीत हजर हवा. उभं राहायचं, त्याच्याकडे तोंड करायचं, डोळ्यांत बघायचं आणि वाक्य म्हणायचं. म्हटलं की मास्तर विचारणार, "पुरावा?"

बरं, चांगलं विशेषण लावून सुटका होईल म्हणावं तर तेही नाही. पाटलाच्या मुलानं एकदा हुशारी केली. मास्तरांकडेच बघून म्हणाला, "सर इज काइंड." मास्तरांनी पुरावा मागितला. तो बिचारा छताकडे बघत उभा राहिला, कौलं मोजली, शेवटी म्हणाला, पुरावा न्हाई. "मग बसा," मास्तर म्हणाले, आणि त्यांना त्यात काही वावगं वाटल्याचं दिसलं नाही.

त्या लांबलचक शब्दाची फोड त्यांनी फार निगुतीनं करून दिली होती. तो शब्द मूळ लॅटिन. पुसिलस म्हणजे इवलंसं, अनिमस म्हणजे मन, जीव, काळीज. इवल्या काळजाचा, तो पुसिलॅनिमस. आम्ही सगळ्यांनी मान हलवली, भित्रा. मास्तर खवळले. खवळले म्हणजे आवाज आणखी खाली गेला. भित्रा नव्हे, ते म्हणाले. ससा भितो, त्याला हे विशेषण लागत नाही, कारण त्याला काळीजच तेवढं दिलंय. ज्याच्या छातीत मोठं काळीज मावलं असतं आणि ऐन वेळेला ज्यानं ते आवळून इवलंसं करून घेतलं, त्यालाच हे लावायचं. राजाला लागतं, सेनापतीला लागतं, बापाला लागतं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही टिमिड आहात. टिमिड म्हणजे जात्याच भित्रं. त्यात लाज नाही." मला तर बरंच वाटलं. वर्षानुवर्षं पोटात दुखावं आणि डॉक्टरनं दुखण्याचं नाव सांगावं, तसं.

त्या शब्दानं मात्र गावात धुमाकूळ घातला. आमच्या घरी चांद्या नावाचा बैल होता, तो चिखलात उतरायचा नाही. मी सहज बोलून गेले आणि आईनं शब्द उचलला. लावणीच्या दिवसांत शिवारभर ती ओरडायची, "ह्यो चांद्या मुलखाचा पुसला हाय." आईच्या तोंडी त्या शब्दाचं निम्मंच राहिलं होतं. ते मास्तरांच्या कानावर गेलं. एके दिवशी कोटासकट, छत्री काखेत धरून, मास्तर आमच्या खाचराच्या बांधावर हजर. आईला म्हणाले, की बाई, बैलाला हे विशेषण लागू होत नाही. आई गुडघाभर चिखलात, हातात रोपांची मूठ. तिनं त्यांना वरपासून खालपर्यंत बघून घेतलं आणि विचारलं, "मंग तुमी उतरिवता का त्येला?" मास्तर खरंच उतरले. बूट काढून, विजार गुडघ्यापर्यंत घेऊन त्यांनी चांद्याच्या कपाळावर हात ठेवला आणि त्याच्याशी काहीतरी बोलत, पाठमोरे चालत त्याला चिखलात नेला. बैल गेला. आई नंतर कितीतरी दिवस सांगायची, की त्यो मास्तर बैलाशी इंग्रजी बोलत हुता.

असा हा माणूस कशालाच भीत नाही, हे गावात ठरून गेलं होतं. ज्या घरात एका सुनेनं गळफास घेतला होता आणि ज्याच्या वाऱ्याला कुणी उभं राहत नव्हतं, ते घर त्यांनी भाड्यानं घेतलं. लोक म्हणायचे, भुताकडंबी पुरावा मागितला असंल. वर्गात एकदा कौलातून नाग पडला. मुलं बाकांवर चढली, मी किंचाळायचंसुद्धा विसरले. मास्तरांनी फळ्याच्या काठीनं त्याला उचलला, दाराबाहेर नेला, गवतात सोडला आणि परत येऊन अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं केलं. मी ठरवून टाकलं होतं, की जगात काही झालं तर यांच्यामागं जाऊन उभं राहायचं. भित्र्या माणसाला असं एक ठिकाण लागतं.

माझ्या बाकावर माझ्याशेजारी भागी बसायची. लहानपणी तापात तिचा उजवा पाय गेला होता. तिचा बाप तिला खांद्यावर घालून आणायचा, बाकावर ठेवायचा आणि शाळा सुटली की येऊन उचलून न्यायचा. मधल्या वेळात भागी त्या बाकाची मालकीण. पाय गेला तसा देवानं तिला जिभेचा जोर दिला होता. शिक्षणखात्याचे साहेब तपासणीला आले तेव्हाची गोष्ट. त्यांनी फळ्यावरचा शब्द पाहिला, चष्मा वर केला, खाली केला आणि विचारलं, की याचा उपयोग कुणी वाक्यात करील काय. हेडमास्तर त्यांच्यामागं हात जोडल्यासारखे उभे होते. आमचे हेडमास्तर म्हणजे बुटके, गोल, घामाघूम होणारे गृहस्थ. सरकारी कागद आला तरी पाणी मागायचे. भागी बसल्या जागेवरून त्यांच्याकडे वळली आणि म्हणाली, "हेडमास्तर इज पुसिलॅनिमस."

साहेबांना ठसका लागला. आमच्या मास्तरांनी मात्र शांतपणे पुरावा मागितला. भागीनं मराठीत दिला. पाटील शाळेच्या अंगणात म्हशी बांधायला आले की हेडमास्तर कपाटाच्या खोलीत जाऊन बसतात, आणि म्हशी बांधून झाल्या की बाहेर येतात. हे सगळ्या शाळेला माहीत होतं. मास्तर म्हणाले, "पुरावा ग्राह्य." हेडमास्तरांचा चेहरा मला अजून दिसतो. रागावले नाहीत. त्यांनी धोतराच्या सोग्यानं मान पुसली आणि ते खिडकीबाहेरच्या म्हशींकडे बघत राहिले. भागीला त्यांनी पुढेही कधी बोल लावला नाही. म्हशी मात्र तिथंच राहिल्या.

त्यानंतरच्या आषाढात पलीकडच्या खोऱ्यातलं धरण फुटलं आणि पुण्यात पाणी शिरलं. बातमी एसटीच्या ड्रायव्हरनं आणली. पेठांमधली घरं गेली, आमच्या गावच्या दोघातिघांची भाड्याची बिऱ्हाडं गेली. गावात त्या दिवसांत कुणी मोठ्यानं हसत नव्हतं. बोलता बोलता माणसं थांबायची आणि डोंगराकडे कान द्यायची. पाऊस थांबायचं नाव नव्हतं. मी आईला विचारलं, की आपलं धरण पक्कं हाय ना. आई म्हणाली, "त्यांचंबी पक्कंच हुतं." 

शाळा बंद ठेवायला हवी होती. पण वरून हुकूम नाही, म्हणून हेडमास्तरांनी चालू ठेवली. आम्ही दहावीत गेलो होतो. वर्गात निम्मी मुलं, बाकीची लावणीला. नदी शेवटच्या पायरीवर आली होती आणि तिचा आवाज इतका, की मास्तर दोन शब्दांमध्ये थांबून बोलत होते. असे ते कधी थांबायचे नाहीत. माझं लक्ष त्यांच्या हाताकडे होतं, कारण खडू फळ्यावर टेकला तरी उमटत नव्हता. एवढ्यात वरच्या वाडीतला एक माणूस रस्त्यानं ओरडत पळत गेला, की धरण फुटलं, पाणी निघालं, पळा.

मी ठरवलेल्या माणसाकडे बघितलं. मास्तरांनी आधी खिडकीकडे पाहिलं. मग त्यांची नजर आमच्या बाकावर आली. भागीकडे, तिच्या पायाकडे, परत तिच्या तोंडाकडे. ती नजर तिथं चांगली थांबली. चुकून पडली आणि निसटली असं नाही. मग त्यांचा काळा कोट दारातून बाहेर गेलेला दिसला.

मुलांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. बाकं आडवी झाली. मीही उठले, पण भागीनं माझी वेणी धरली होती. नंतर लोक मला शाबासकी देऊ लागले, पोरीनं मैत्रिणीला सोडलं नाही म्हणून. मी सोडलं नाही हे खोटं आहे. मला धरून ठेवलं होतं. मी वेणी ओढत होते, रडत होते, आणि भागी, जी कुणाच्या बापाला घाबरत नव्हती, ती एकच वाक्य म्हणत होती. "मला टाकून जाऊ नगं." पाणी दारातून येणार, की खिडकीतून, की भिंतच येणार अंगावर, एवढंच माझ्या डोक्यात होतं. 

दारातून आले ते हेडमास्तर. धोतर चिखलानं भरलेलं, ओठ पांढरे, दात एकमेकांवर वाजत होते. सगळे वर्ग बघत बघत ते शेवटी आमच्यापाशी पोचले होते. तोंडानं रामरक्षा चालू होती आणि तिच्या ओळी पुढच्या मागं, मागच्या पुढं. त्यांनी भागीसमोर पाठ करून बसकण मारली आणि म्हणाले, "वेणी सोड बाळ, माझी मान धर." मग आम्ही टेकडी चढलो. ते घसरून पडायचे, उठायचे, पुन्हा चढायचे. मी त्यांच्या सदऱ्याचं टोक धरलं होतं आणि सबंध वाटभर ते टोक थरथरत होतं.

वर सगळा गाव गोळा झाला होता. कुणी पोरं काखेत, कुणी कोंबड्या. एक म्हातारी नुसता वरवंटा घेऊन आली होती आणि तो छातीशी धरून बसली होती. सगळे खाली दरीत बघत होते. आपलं घर आता जाईल, मग आता, असं म्हणत वाट बघायची, याच्याइतकं वाईट मी पुढे काही पाहिलं नाही. भागीचा बाप खाचरातून धावत आला आणि तिला शोधत हाका मारू लागला. ती हेडमास्तरांच्या पाठीवरून म्हणाली, "हितं हाय मी."

आमच्याही वर, अगदी माथ्याच्या खडकावर मास्तर बसले होते. एका पायात बूट होता, दुसऱ्यात नव्हता. मुठीत खडू तसाच. त्यांनी आम्हाला वर येताना पाहिलं. कुणाच्या पाठीवर कोण आहे, तेही पाहिलं. मग त्यांनी कोटाची कॉलर वर केली आणि तोंड फिरवलं.

पाणी आलं नाही. दुपारी जंगलखात्याचा एक माणूस धरणाकडून आला आणि म्हणाला, की धरण जागच्या जागी आहे, नुसतं भरून वाहतंय. लोक आधी रडले, मग हसले, मग एकमेकांची चेष्टा करत खाली उतरले. म्हातारीच्या वरवंट्याची चेष्टा तर दिवाळीपर्यंत पुरली. मास्तरांना तोंडावर कुणी काही म्हटलं नाही. सगळेच पळाले होते, कोण कुणाला म्हणणार? पाठीमागं मात्र बोलायला ऊत आला. नागाला उचलणारा मास्तर पोरांना टाकून पळाला, हे गिरणीवर, पाणवठ्यावर, बांधावर सगळीकडे झालं. मास्तर रस्त्यानं निघाले की बोलणं थांबायचं, आणि ते थांबलेलं त्यांना ऐकू येत असणार.

शाळा पुन्हा सुरू झाली त्या दिवशी मास्तर आले. कोट तोच, बटणं गळ्यापर्यंत. त्यांनी फळ्यावर तो जुना शब्द लिहिला, खडू ठेवला आणि आमच्याकडे तोंड करून उभे राहिले. "वाक्य करा," ते म्हणाले. "वाक्यातला माणूस या खोलीत आहे."

आम्हाला कळलं नाही असं कुणीच नव्हतं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. तास संपेपर्यंत ते तसेच उभे राहिले. टोल पडला, त्यांनी फळा पुसला आणि गेले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. खरं सांगते, नागाच्या दिवशी मी इतकी भ्याले नव्हते. पाटलाच्या मुलानं एकदा धीर करून "सर इज नॉट पुसिलॅनिमस" म्हणून बघितलं. मास्तर म्हणाले, "खोटं वाक्य. बसा." बाहेर त्यांच्या पळण्याची नक्कल करून दाखवणारा मुलगा तो हाच.

हेडमास्तर एकदा वर्गाच्या दाराशी आले, हात चोळत उभे राहिले, म्हणाले, की झालं गेलं, पोरांची परीक्षा आहे, शिकवा आता. मास्तर म्हणाले, "पाठीमागं सगळा गाव बोलतो. माझ्या वर्गात मला तोंडावर सांगणारं एकही माणूस नसेल, तर मी इथं काहीच शिकवलेलं नाही. महिना संपला की मी जातो." हेडमास्तरांनी पाणी मागितलं.

मास्तर गेले तर दुसरा इंग्रजीचा मास्तर त्या आडगावात कोण येणार? मुलगे पुण्याला नातेवाइकांकडे राहून शिकले असते. मला कोण पाठवणार? आमच्या आबांनी, म्हणजे वडिलांनी, त्याच आठवड्यात जेवताना सांगून टाकलं, "मास्तर न्हाई तर साळा कशापायी? आत्यानं कोळवणात जागा बघितलीया. पोरगं बरं हाय, भाताची जमीन हाय." आईनं माझ्या ताटात आणखी भात वाढला.  मला मॅट्रिक व्हायचं होतं. का व्हायचं होतं ते मला सांगता आलं नसतं, पण ते वाक्य कुणी म्हटलं नाही तर मी कोळवणात जाणार, एवढं स्वच्छ दिसत होतं.

मी भागीला म्हटलं, तू म्हण. तुझी जीभ चालते, तुझा हक्कही आहे. भागी बाकावर नखानं रेघा ओढत होती. म्हणाली, "मी न्हाई म्हणायची. मी म्हटलं तर त्ये माझ्या पाया पडतील. मला त्ये बघवायचं न्हाई. तू म्हण."

मग मी शेतात चांद्यासमोर उभी राहून वाक्य म्हणून बघायची. चांद्या रवंथ करायचा. त्याच्यासमोरसुद्धा माझा आवाज फुटायचा नाही. गुरूला तोंडावर असं म्हणायचं, आणि तेही खरं असलेलं. आणि त्यांनी पुरावा मागितला म्हणजे? पळताना तर सगळ्यांनी पाहिलं होतं. ती नजर मात्र फक्त मी पाहिली होती, आणि भागीनं.

महिना संपत आला तेव्हा एका सकाळी मी उभी राहिले.  बाकाची कड धरली होती. मास्तरांकडे तोंड केलं. डोळ्यांत बघायचं म्हणून बघितलं, आणि मला जे दिसलं त्यानं मी जास्तच घाबरले. तो माणूस माझ्यापेक्षा जास्त भ्यालेला होता.

"सर," मी म्हटलं, "यू आर पुसिलॅनिमस."

 बाहेर पाटलाच्या म्हशीच्या गळ्यातलं लोढणं पायांवर आपटत होतं तेवढाच आवाज.

"पुरावा?" मास्तरांनी विचारलं. आवाज नेहमीसारखाच खाली.

"तुम्ही भागीकडे बघितलंत," मी म्हणाले. "तिचा पाय बघितलात. मग गेलात."

मास्तरांनी मान हलवली. सावकाश, दोनचार वेळा, एखाद्यानं अवघड वाक्य मनात परत म्हणून बघावं तशी. पुरावा ग्राह्य आहे, असं त्यांना म्हणायचं असावं, कारण ओठ हलले, पण शब्द आला नाही. मला खाली बसायचं सुचेना. ते टेबलामागून पुढे आले आणि भागीसमोर उभे राहिले. मला वाटलं, आता खरंच वाकतात की काय. भागीलाही तेच वाटलं असावं, तिनं बाक घट्ट धरलं.

"तुम्हाला काही म्हणायचंय?" त्यांनी तिला विचारलं.

भागीनं वर बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तोंड तिचंच होतं.

"धरान तितंच हाय, सर," ती म्हणाली. "पुढच्या येळंला मला घिऊन पळा."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मास्तर तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं." परत फळ्याशी गेले, शब्द पुसला आणि धडा काढायला सांगितला.  आम्ही पुस्तकं उघडली.

ते गेले नाहीत. आम्ही मॅट्रिक होईपर्यंत राहिले. मी पास झाले, भागीही झाली, आणि कोळवणातल्या त्या बऱ्या पोराला दुसरी कुणीतरी मिळाली. मास्तर धीट झाले असं मात्र नाही. त्या दिवसानंतर ते कशालाच भीत नाहीत असं गावात कुणी म्हटलं नाही, आणि त्यांनीही ते लपवायचं सोडून दिलं. पाऊस कौलांवर जोरानं कोसळायला लागला, नदीचा आवाज चढला, की त्यांचा चेहरा उतरायचा. मग शिकवणं न थांबवता ते फळा सोडून हळूहळू आमच्या बाकापाशी यायचे आणि भागीच्या शेजारी, तिच्याकडे जवळजवळ पाठ करून उभे राहायचे. तिथूनच ते भूतकाळ शिकवायचे, भविष्यकाळ शिकवायचे. आम्ही सगळे पुस्तकात बघायचो. पाऊस उतरेपर्यंत ते तिथून हलायचे नाहीत.